अल्ट्रासाऊंडने केमिकल रिअ‍ॅक्शन कशी होते? हेटरोसायक्लिक संयुगांची सोप्या भाषेत माहिती

अल्ट्रासाऊंड म्हटलं की आपल्याला सोनोग्राफी आठवते. काहींना फोनच्या स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट सेन्सरही आठवेल. पण याच आवाजाने प्रयोगशाळेत औषधांची रसायनं बनवतात, हे किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, केमिस्ट्रीशी माझा संबंध इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी संपला.

माझं गाव कुंडल, तालुका पलूस, जिल्हा सांगली. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा चुलत बहीण लॅपटॉप घेऊन समोर येऊन बसली. ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय ऑरगॅनिक केमिस्ट्री. प्रोजेक्टचा तक्ता दाखवत म्हणाली, "दादा, हे बघ. नेहमीच्या पद्धतीने उकळलं तर चार तास, अल्ट्रासाऊंडमध्ये ठेवलं तर चाळीस मिनिटं. पण मॅडम विचारतात, आवाजाने नेमकं काय केलं ते सांग. आता काय लिहू?"

प्रश्न साधा वाटला, पण त्याचं उत्तर शोधण्यात आमची सगळी सुट्टी गेली. त्या शोधातून जे समजलं ते इथे क्रमाने देतोय.

हेटरोसायक्लिक संयुग म्हणजे काय?

पाच-सहा मित्र हात धरून गोल उभे आहेत असं समजा. सगळे कार्बनचे अणू असतील तर ते साधं कडं. पण त्यात एखादा जरी नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा सल्फरचा अणू आला, तर ते झालं हेटरोसायक्लिक, म्हणजे विषमचक्रीय संयुग. कोडिंग करणाऱ्यांसाठी सांगायचं तर ही एक सर्क्युलर लिंक्ड लिस्ट आहे, फक्त तिच्यातले एक-दोन नोड वेगळ्या टाइपचे.

नाव अवघड असलं तरी वस्तू ओळखीच्या आहेत:

• चहा-कॉफीतलं कॅफिन. यात अशी दोन कडी एकमेकांना चिकटलेली असतात.
• अ‍ॅसिडिटीवरची पॅन्टोप्रॅझोल आणि सर्दी-अ‍ॅलर्जीवरची सेटिरिझिन.
• ब्लडप्रेशरची अ‍ॅम्लोडिपिन.
• आपल्या डीएनएमधली ए, टी, जी, सी ही चारही अक्षरं.
• आमच्या भागात द्राक्षांवर भुरी येऊ नये म्हणून फवारतात ती हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही औषधं. नावाच्या शेवटी 'अ‍ॅझोल' आलं की आत बहुतेक वेळा नायट्रोजनवालं पाच अणूंचं कडं असतं.

म्हणजे मेडिकलचं दुकान असो की कृषी सेवा केंद्र, फळीवरच्या अर्ध्या बाटल्या फिरवून बघा, कुठे ना कुठे हे कडं सापडेलच. म्हणूनच ही कडी कमी वेळात, कमी कचरा करून कशी बनवायची यावर जगभर काम चालतं.

कडं बनतं कसं? युरियाचं उदाहरण

१८९१ साली पिएत्रो बिजिनेली या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने एक रिअ‍ॅक्शन मांडली. तीन पदार्थ एकाच भांड्यात घ्यायचे: एक अ‍ल्डिहाइड, एक इथिल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट आणि तिसरा चक्क युरिया. हो, आपल्या शेडमध्ये ज्याचं पोतं असतं तोच युरिया, अर्थात प्रयोगशाळेत शुद्ध केलेला. थोडं अ‍ॅसिड घालून अल्कोहोलमध्ये कित्येक तास उकळायचं.

हिशोब सोपा आहे. सहा अणूंच्या कड्यात युरियाकडून तीन अणू येतात, दोन नायट्रोजन आणि मधला एक कार्बन. अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटकडून दोन कार्बन येतात, अ‍ल्डिहाइडकडून एक. तीन अधिक दोन अधिक एक, झाले सहा. जोडताना पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात. या प्रकारच्या कड्यांमध्ये औषधी गुण सापडले आहेत. १९९९ मध्ये पेशीविभाजन थांबवणारा मोनास्ट्रॉल नावाचा रेणू शोधला गेला, तो याच कुटुंबातला. फक्त त्यात युरियाऐवजी थायोयुरिया असतो.

अ‍ल्डिहाइड बदललं की नवा रेणू मिळतो. फरफ्युराल नावाचं अ‍ल्डिहाइड तर उसाच्या बगॅसपासूनही बनवता येतं आणि ते स्वतःच ऑक्सिजनवालं पाच अणूंचं कडं आहे. आमच्याकडे क्रांतिअग्रणी कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. साखर कारखान्यांत बगॅस मुख्यतः बॉयलरमध्ये जळण म्हणून जातं. त्याच बगॅसमध्ये औषधाच्या कड्याचा कच्चा माल दडलेला असतो हे कळल्यावर ती रांग मला वेगळीच दिसायला लागली.

बहिणीचा प्रोजेक्ट याच बिजिनेली रिअ‍ॅक्शनवर होता. तास उकळण्याऐवजी तिने फ्लास्क अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवला होता. चष्म्याच्या दुकानात चष्मा धुवायला पाण्याचं एक छोटं स्टीलचं भांडं असतं बघा, बारीक 'झीईई' आवाज करणारं? तेच, फक्त जरा मोठं.

आवाज रेणूंना हलवतो का?

बहुतेकांची समजूत हीच असते, माझीही होती, की आवाजाच्या लहरी रेणूंना धक्का देऊन जोडतात. पण आकडे मांडले की ही समजूत टिकत नाही.

माणसाला साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आवाज ऐकू येतो. त्यापुढचा तो अल्ट्रासाऊंड. प्रयोगशाळेतला प्रोब बहुधा २० किलोहर्ट्झवर आणि बाथ ४० किलोहर्ट्झच्या आसपास चालतो. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. म्हणजे २० किलोहर्ट्झच्या एका लहरीची लांबी झाली ७.५ सेंटिमीटर. आणि आपला रेणू असतो साधारण एक नॅनोमीटरचा. लहर रेणूपेक्षा साडेसात कोटी पट मोठी! समुद्राच्या लाटेने वाळूचे दोन ठरावीक कण उचलून एकमेकांना जोडावेत, अशी अपेक्षा करण्यासारखं आहे हे. मग काम करतं कोण?

खरं काम बुडबुड्याचं

याचं उत्तर आमच्या विहिरीवर होतं. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की वरच्या मोटरमधून खडे घुसळल्यासारखा खडखडाट ऐकू येतो. काका लगेच म्हणतात, "मोटर बंद कर, पंखा खाईल." पंखा म्हणजे पंपाचा इंपेलर. पाणी खोलवरून ओढताना सक्शनच्या बाजूला दाब इतका घटतो की पाणी थंड असूनही तिथे 'उकळतं' आणि वाफेचे बुडबुडे होतात. हे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी गेले की फटाफट चिरडले जातात आणि लोखंडाला खड्डे पाडतात. याला म्हणतात कॅव्हिटेशन. कुंडलशेजारी किर्लोस्करवाडी आहे, १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेली. तिथे पंप बनतात, त्यामुळे आमच्या भागात हा शब्द अगदीच परका नाही. पंप बनवणाऱ्यासाठी कॅव्हिटेशन हा शत्रू.

जगालाही तो आधी शत्रू म्हणूनच भेटला. १८९० च्या दशकात ब्रिटिश नौदलाची 'डेअरिंग' ही बोट अपेक्षित वेग गाठेना. थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी शोधलं की प्रोपेलरभोवती बुडबुडे होऊन ताकद वाया जाते. १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी चिरडणाऱ्या बुडबुड्याचं गणित मांडलं. १९२७ मध्ये अमेरिकेत रिचर्ड्स आणि लूमिस यांनी दाखवलं की तीव्र अल्ट्रासाऊंडने रासायनिक क्रियांवर परिणाम होतो. इथून सोनोकेमिस्ट्री या शाखेची सुरुवात मानतात.

अल्ट्रासाऊंड द्रवात नेमकं हेच करतो. लहरीच्या एका अर्ध्या भागात द्रव ताणला जातो, दुसऱ्या अर्ध्यात दाबला जातो. ताणताना आधीपासून असलेले सूक्ष्म बुडबुडे फुगतात, दाबताना आकसतात. अशा काही चकरांनंतर बुडबुडा एका ठरावीक आकाराला पोचतो आणि मग एकदम कोसळतो. हे सगळं सेकंदाला २० ते ४० हजार वेळा चालू असतं.

कोसळताना आतला वायू इतक्या झटकन दाबला जातो की उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, त्याचंच हे टोकाचं रूप. अमेरिकन शास्त्रज्ञ केनेथ सस्लिक यांच्या मोजमापांनुसार आतलं तापमान सुमारे ५००० अंशांपर्यंत आणि दाब वातावरणाच्या शेकडो पट जातो. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान ५५०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, यावरून अंदाज घ्या. पण हे फक्त एका सूक्ष्म ठिपक्यात आणि मायक्रोसेकंदापेक्षाही कमी वेळ. म्हणून बाहेरचा फ्लास्क हाताला कोमटच लागतो.

याचे दोन प्रकारचे परिणाम होतात:

१. रासायनिक: बुडबुड्याच्या आत रेणू तुटून रॅडिकल, म्हणजे अतिशय उतावळे तुकडे तयार होतात. नुसतं पाणी घेतलं तरी त्यातून हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल मिळतात.

२. यांत्रिक: कोसळण्याने झटके आणि द्रवाच्या बारीक पिचकाऱ्या निघतात. एकमेकांत न मिसळणारे पदार्थ घुसळले जातात, घन कॅटलिस्टचा पृष्ठभाग घासून स्वच्छ होतो. चष्मा धुतला जातो तो यामुळेच.

फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ-लुई ल्यूश यांनी या दोन्हीत फरक करायला शिकवलं. पहिल्या प्रकाराला त्यांनी 'खरी' सोनोकेमिस्ट्री म्हटलं. दुसऱ्याला 'खोटी', कारण तिथे काम होतं ते उत्तम ढवळण्याने. बिजिनेलीसारख्या अ‍ॅसिडवर चालणाऱ्या रिअ‍ॅक्शनमध्ये मूळ वाट रॅडिकलची नाहीच. म्हणजे तिथे फायदा झाला तर तो बहुधा घुसळण्याचा किंवा साध्या उष्णतेचा असू शकतो.

आवाजाने खरंच काही वेगळं होतं का?

होतं, आणि त्याचा प्रसिद्ध पुरावा १९८४ मध्ये जपानमध्ये ताकाशी आंदो यांच्या गटाने दिला. त्यांनी बेंझिल ब्रोमाइड, पोटॅशियम सायनाइड आणि अ‍ॅल्युमिना हे पदार्थ टोल्युइनमध्ये घेतले. नुसतं ढवळलं तेव्हा बेंझिल ब्रोमाइड टोल्युइनशी जोडलं गेलं. अल्ट्रासाऊंड लावला तेव्हा तेच बेंझिल ब्रोमाइड सायनाइडशी जोडलं गेलं. पदार्थ तेच, पण आवाज चालू-बंद केल्यावर उत्पादनच बदललं! नुसता वेळ कमी होण्यापेक्षा हा पुरावा कितीतरी भारी आहे.

आंदो यांच्या निकालावर लोकांनी विश्वास का ठेवला, ते महत्त्वाचं. त्यांनी 'आवाज बंद' असतानाचा प्रयोगही शेजारीच करून दाखवला होता.

माझ्या बहिणीच्या तक्त्यात काय राहिलं होतं?

आम्ही अ‍ॅप फास्ट केलं असं म्हणतो, तेव्हा टीममधला कुणीतरी विचारतोच, "फोन तोच होता का? नेटवर्क तेच होतं का?" एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. मी बहिणीला विचारलं, "बाथच्या पाण्याचं तापमान किती होतं?"

ती गप्प. मग म्हणाली, "सुरुवातीला तीस होतं. नंतर बघितलंच नाही."

बाथ चालू राहिला की त्यातलं पाणी स्वतःहून तापतं, कारण आवाजाची ऊर्जा शेवटी उष्णताच होते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की रिअ‍ॅक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो. पाणी ३० वरून ५० वर गेलं असेल, तर आवाज नसतानाही वेग चौपट! शिवाय तिच्या दोन प्रयोगांत कॅटलिस्टचं प्रमाणही वेगळं होतं. म्हणजे चार तास विरुद्ध चाळीस मिनिटं या तुलनेत तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या.

सुट्टीनंतर तिने मॅडमशी बोलून तिसरा प्रयोग लावला. तोच फ्लास्क, तेवढंच कॅटलिस्ट, तेच तापमान, जोरात ढवळणं, फक्त आवाज बंद. बाथमध्ये अधूनमधून गार पाणी घालून तापमान स्थिर ठेवलं. आवाजाचा फायदा शिल्लक राहिला, पण पहिल्या तक्त्यात दिसत होता तेवढा नाही. ती थोडी खट्टू झाली. मी म्हटलं, "आकडा लहान झाला, पण आता तो तुझा आहे. कुणी कितीही विचारलं तरी हलणार नाही."

'ग्रीन' आहे का? मोजायचं कसं?

अल्ट्रासाऊंडला सरसकट ग्रीन केमिस्ट्री म्हणतात. सॉल्व्हंट कमी लागला, तापमान कमी लागलं, नको असलेले पदार्थ कमी तयार झाले, तर ते बरोबरच. पण विजेचा हिशोब वेगळा करावा लागतो. समजा, १२० वॅटचा बाथ अर्धा तास चालला, तर ६० वॅट-अवर लागले. सरासरी १०० वॅट घेणारी शेगडी चार तास चालली, तर ४०० वॅट-अवर. इथे बाथ जिंकला. पण ५०० वॅटचा प्रोब तासभर चालवला, तर ५०० वॅट-अवर. आता शेगडी जिंकली. वेळ वाचला म्हणजे वीज वाचली, असं आपोआप होत नाही.

शिवाय भिंतीतून घेतलेली सगळी वीज द्रवात पोचत नाही. ती मोजायची युक्ती सोपी आहे. १०० मिली पाणी घ्या, आवाज सुरू करा, एका मिनिटात तापमान किती वाढलं ते बघा. ३ अंश वाढलं तर १०० × ४.१८ × ३ भागिले ६० सेकंद, म्हणजे सुमारे २१ वॅट आत गेले. यंत्रावरचा आकडा काहीही असो, तुमच्या फ्लास्कला मिळाले ते हे २१.

बाथमध्ये सगळीकडे आवाज सारखा नसतो, हेही लक्षात ठेवा. अ‍ॅल्युमिनियम फॉइल थोडा वेळ पाण्यात धरली की जिथे बुडबुडे जोरात कोसळतात तिथे बारीक भोकं पडतात. फ्लास्क त्याच जागी ठेवायचा आणि दरवेळी तीच जागा पकडायची.

मोठ्या प्रमाणावर का होत नाही?

कारण प्रोबच्या टोकापासून थोडं लांब गेलं की आवाजाचा जोर संपतो. फ्लास्कमध्ये जमलेलं हजार लिटरच्या टाकीत जमत नाही. इथे महाराष्ट्रातलं काम महत्त्वाचं ठरतं. मुंबईत माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, म्हणजे १९३३ साली सुरू झालेल्या जुन्या यूडीसीटीत, प्राध्यापक अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी अनेक वर्षं कॅव्हिटेशनच्या रिअ‍ॅक्टरवर संशोधन केलंय. त्यातला एक रस्ता फार मजेशीर आहे: आवाजाऐवजी पंपच वापरायचा. द्रव पंपाने अरुंद छिद्रातून जोरात ढकलायचा. छिद्रात वेग वाढतो, दाब पडतो, बुडबुडे होतात आणि पुढे कोसळतात. याला हायड्रोडायनॅमिक कॅव्हिटेशन म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत भोवरा निर्माण करून हेच साधण्यावर काम झालंय. सांडपाण्यातले घातक पदार्थ तोडण्यासाठीही या तंत्राचा उपयोग होतो.

नेहमीचे प्रश्न

*फोनच्या स्पीकरने असं करता येईल का?* नाही. स्पीकरची ताकद फारच कमी असते, आणि हवेतून पाण्याकडे जाणारा आवाज जवळजवळ सगळा पृष्ठभागावरूनच परत फिरतो.

*स्क्रीनखालच्या अल्ट्रासोनिक सेन्सरने किंवा सोनोग्राफीने बुडबुडे होतात का?* २०१९ च्या गॅलेक्सी एस१० मध्ये असा सेन्सर होता. हा सेन्सर आणि सोनोग्राफीचं यंत्र मेगाहर्ट्झच्या फ्रिक्वेन्सीवर, अगदी छोट्या पल्समध्ये, कमी ताकदीने चालतात. त्यांचं काम प्रतिध्वनी वाचण्याचं. लहर इतकी घाईची असते की बुडबुड्याला फुगायला वेळच मिळत नाही.

*ऑनलाइन मिळणाऱ्या चष्मा-क्लीनरमध्ये प्रयोग करू का?* अजिबात नको. त्यात अल्कोहोल, पेट्रोल, थिनर ओतू नका, वाफ पेट घेऊ शकते. चालू बाथमध्ये बोटं घालू नका. प्रोब वापरताना प्रयोगशाळेत कानाला संरक्षण लावतात. हे काम फ्यूम हूडमध्ये आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचं.

*पाणी जास्त गरम केलं तर परिणाम वाढेल का?* उलट. गरम द्रवाची वाफ बुडबुड्यात भरते आणि गादीसारखं काम करते, त्यामुळे कोसळणं मऊ होतं.

लक्षात ठेवायचे पाच प्रश्न

'अल्ट्रासाऊंडने दहा मिनिटांत' असं कुठेही वाचलं, किंवा स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये लिहायची वेळ आली, तर हे विचारा:

१. आवाज बंद ठेवून, बाकी सगळं तेच ठेवून प्रयोग केला का?
२. आतलं तापमान शेवटपर्यंत मोजलं का?
३. फ्रिक्वेन्सी आणि द्रवात पोचलेले वॅट लिहिलेत का?
४. फायदा रॅडिकलचा, घुसळण्याचा की उष्णतेचा?
५. वेळेबरोबर विजेचाही हिशोब दिलाय का?

बहिणीच्या रिपोर्टमध्ये आता एक जादा कॉलम आहे: 'आवाज बंद'. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्याच कॉलमवर आला, असं तिने फोन करून सांगितलं. विहिरीवरच्या मोटरचं उदाहरण दिलंस का, असं मी विचारलं. म्हणाली, "दिलं की. सर म्हणाले, आमच्याकडची पण अशीच खडखडते."